गोंग पडेपर्यंत

केतुत लोंतोला कशाकशाची भीती वाटते याची यादी करायला बसलं, तर बातुसेसा गावातल्या कॉफीच्या दुकानात एक अख्खी सकाळ जाते, आणि तशा पुष्कळ सकाळी गेल्या आहेत. कुत्र्यांची वाटते. ज्या गल्लीत कुत्री नाहीत तिची त्याहून जास्त, कारण मग तिथली कुत्री कशाला भिऊन पळाली हा प्रश्न उरतो. लिफ्टची वाटते. देनपसारच्या इस्पितळात मेव्हण्याला बघायला गेला तेव्हा पठ्ठ्या पाच मजले जिन्याने चढला, आणि वर पोचल्यावर आजारी मेव्हण्यालाच उठून ह्याला पाणी पाजावं लागलं. बायकोची तर वाटतेच, पण ती भीती गावात सगळ्यांनाच मान्य असल्यामुळे यादीत धरत नाहीत.

अशा माणसाची जोडी जमली होती न्योमान रुदेगशी. रुदेग नारळाच्या झाडावर दोर न बांधता चढायचा, स्मशानाच्या कट्ट्यावर बसून केळीच्या पानातला भात खायचा आणि वर बोटं चाटायचा. वाडीच्या वाद्यमेळात हे दोघं चाळीस वर्षं शेजारीशेजारी बसले. दोघांपुढे एकेक गांग्सा, म्हणजे बांबूच्या नळ्यांवर टांगलेल्या काशाच्या दहा पट्ट्या. उजव्या हातात लाकडी हातोडी. डाव्या हाताच्या चिमटीने आधीची पट्टी दाबून गप्प करायची, तोवर उजव्याने पुढची वाजवायची.

एक घाव रुदेगचा, मधल्या फटीत एक घाव केतुतचा. एकट्याची बाजू ऐकली तर दात पडलेल्या म्हातारीचं बोलणं वाटायचं. दोघं मिळून वाजवू लागले की सरसर पळणारी एकच ओळ. एकाचा हात कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो ते त्यांच्या आयांनाही सांगता आलं नसतं. त्यात दोन्ही गांग्सा एकमेकींपासून केसभर वेगळ्या लावलेल्या. त्यामुळे दोघींवर एकच स्वर पडला की आवाज थरथरायचा, अंगावर काटा यायचा. रुदेग म्हणायचा, "थरथर गांग्साची नाही हो, ती आमच्या केतुतची आहे." मेळ हसायचा, केतुतही हसायचा. रुदेगच्या शेजारी बसलेला असताना त्याला जगातल्या कशाचीच भीती वाटत नसे. ही गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती.

मग रुदेग छातीत कफ होऊन तीन दिवसांत गेला. शेवटच्या रात्री त्याच्या छातीतून घर्रर्र घर्रर्र असा आवाज येत होता. केतुतने तो ऐकला आणि तो घराबाहेर जाऊन केळीच्या बुंध्याला धरून उभा राहिला.

रुदेगचं दहन झालं, राख समुद्राला दिली, आणि महिन्याभरातच देवळाशेजारच्या, वाडीच्या मांडवात सभा बसली. मेळाचा म्होरक्या वायान ग्रिंदा. गोंग, म्हणजे चीज संपली की पडणारी ती मोठी काशाची थाळी, वाजवणारा तोच. बोलण्याआधी घसा साफ करायची त्याची एक रीत आहे: दोनदा तुटक, तिसऱ्यांदा लांबलचक, जशी थंडीत न पेटणारी मोटरसायकल. तशी मोटरसायकल मारून झाल्यावर तो म्हणाला, "मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण रुदेग आपली बाजू स्वतःबरोबर घेऊन गेला. कुणाला शिकवली नाही."

"शिकवली की," मागून कुणीतरी म्हणालं. "पोटच्या दोन पोरांना शिकवली. दोघंही आता जहाजावर पाहुण्यांच्या पलंगांवर टॉवेलचे हत्ती करतायत."

"म्हणजे नाहीच. देवळाचा वाढदिवस आला पस्तीस दिवसांवर. देव खाली उतरताना 'मुंग्यांची रांग' वाजते, आणि अर्धी चीज काही देवापुढे वाजवता येत नाही. एक तर कुणीतरी रुदेगची बाजू आणा. नाही जमलं तर कलाशाळेतली दोन पोरं नवी चीज बसवतायत, दोन्ही गांग्सा त्यांना देऊ." मग तो केतुतकडे वळला आणि मऊ आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मांडवामागे नारळ खवायला माणसं लागतातच."

मांडवामागे नारळ खवणाऱ्या म्हाताऱ्यांची एक ओळ बसते. तिथे एकदा बसलेला माणूस पुढे एकाच ठिकाणी जातो, आणि तेही खांद्यावरून.

"मी आणतो," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते बघायला केतुत मागे वळला. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

घरी येऊन त्याने चटईवर दोन्ही हात ठेवले आणि रुदेगची बाजू बोटांनी वाजवून पाहिली. कानात ती लख्ख होती. चाळीस वर्षं डाव्या कानाने दुसरं केलं काय होतं? पण हात खाली यायचा तो आपल्याच बाजूवर. दहा वेळा केलं, दहाही वेळा. गुराला कुठेही सोडा, ते आपल्याच गोठ्यात परत यावं, तसं.

त्याची सून पुतु वारसी हे स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. नवरा जहाजावर, आणि ही घरी बसून कॉम्प्युटरवर मालिश केंद्रांसाठी संगीत बनवते: पाण्याचा खळखळाट, वर बासरी आणि मधूनमधून एक बेडूक. त्या बेडकाला परदेशी पाहुण्यांत फार मागणी आहे म्हणे.

"बापा," ती म्हणाली, "तुमची बाजू आपण मशीनमध्ये घेऊ. मग तिच्यातल्या फटी दिसतील. फटी दिसल्या की रुदेगकाकांची बाजू त्यात भरायची. हातांना येत नसली तर नसू दे, कानांना येते ना?"

"दिसतील? आवाज दिसतो?"

"दिसतो."

हे ऐकून केतुतला बरं वाटायला हवं होतं. त्या रात्री त्याला झोप आली नाही. जे ऐकायचं ते दिसायला लागलं, तर जे दिसू नये तेही एखाद्या दिवशी ऐकू येईल, असा त्याचा हिशोब.

शिकवणी सुरू होण्याआधीच सासऱ्या-सुनेचं वाजलं. मशीनला फुलं आणि उदबत्ती कुठल्या दिवशी दाखवायची? पुतु म्हणाली, कॉम्प्युटर लोखंडाचा, त्याला मोटारी आणि सुऱ्या-कोयत्यांबरोबर हत्यारांच्या दिवशीच फुलं मिळतात, मिळून झालीत. केतुत म्हणाला, आता त्यातून गांग्सा वाजणार, म्हणजे ते वाद्य झालं, त्याला वाद्यांच्या दिवशी वेगळी मिळाली पाहिजेत. शेवटी त्याने रोज सकाळी झाकणावर नारळाच्या पानाची छोटी फुलांची परडी ठेवायला सुरुवात केली. तांदळाचे दाणे बटणांत गेले, एक बटण दाबलं जाईना. शिवाय वाद्य म्हटल्यावर ते ओलांडून जायचं नसतं. मायक्रोफोनची वायर अंगणातून गेली होती, तर केतुतने घरच्या सगळ्यांना, कोंबड्या सोडून, स्वयंपाकघराच्या मागून वळसा घालून जायला लावलं. बायको मादे रास्नी डोक्यावर पाण्याची बादली घेऊन दोन दिवस वळसे घालत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उद्या मी ही वायर कापून तिची वेणी घालीन." केतुतने वायर मुकाट्याने छपरावरून नेली.

मांडवातून आपली गांग्सा घरी आणून तो वाजवायला बसला, तर कानात टिक, टिक, टिक.

"हे कोण?"

"ठोका आहे. त्याच्या बरोबर वाजवायचं."

"पाल चुकचुकल्यासारखं वाटतंय. मी काही बोललोच नाही, तर ही खरं कशाला म्हणतेय?"

"वाजवा, बापा."

त्याने वाजवलं. पडद्यावर एक लांब पट्टी उमटली आणि तिच्यात प्रत्येक घावाचा एकेक काळा डोंगर. पुतुने ती मोठी केली, अजून मोठी केली आणि पडद्याजवळ वाकली.

"काय झालं? बिघडलं?"

"नाही. ह्या उभ्या रेघा म्हणजे ठोके. तुमचा प्रत्येक घाव रेघेच्या उजवीकडे पडतोय. केसभर उशिरा. एकूण एक."

हे केतुतला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं. रुदेगचा हात पडला असं ऐकल्याशिवाय त्याचा हात खाली यायचाच नाही. रुदेगलाही माहीत असावं, पण रुदेग कधी बोलला नव्हता. आणि आता ते एखाद्या कुंडलीसारखं पडद्यावर मांडलं होतं.

"सरळ करू का?" पुतुने विचारलं. "एक बटण आहे. सगळे घाव रेघेवर जाऊन बसतात."

"कर. लगेच कर."

तिने बटण दाबलं. केतुतने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हा कोण?"

"तुम्हीच."

"हा मी नाही. हा कुणीतरी बँकेतला माणूस आहे. आधीचं परत येतं का?"

"येतं." तिने ते परत आणलं.

"पुतु, गावात बोलू नकोस हं."

"नाही बोलणार. पण बापा, मला आधीचंच आवडतं."

आठवड्याभरात त्याला थोडंफार जमू लागलं. तुकडा कापणं, सरकवणं, चुकलं की मागे जाणं. ह्या मागे जाण्याचं तर त्याला एवढं अप्रूप वाटलं, की जेवताना आमटी सांडल्यावरही त्याचं बोट क्षणभर हवेत ते बटण शोधायचं. गोंगाशिवाय ऐकणार नाही असा हट्ट धरला म्हणून पुतुने आपल्या मालिशीच्या सामानातून एक गोंग काढून दिला, आणि तो योग्य जागी, म्हणजे चीज जिथे संपते त्या शेवटच्या रेघेवर, केतुतने स्वतः बसवला. एका दुपारी पुतु म्हणाली, "मी दुकानात जाऊन येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पट्टी ओढा, म्हणजे तेवढं पुन्हा पुन्हा वाजत राहील. ऐकत ऐकत काकांची बाजू तोंडाने म्हणून बघा."

त्याने सुरुवातीपासून गोंगाच्या रेघेपर्यंत पट्टी ओढली, हेडफोन चढवले, डोळे मिटले.

चीज सुरू झाली. वाढली, वळली, शेवटाकडे आली. गोंगासाठी त्याने श्वास धरला, आणि चीज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आपलं लक्ष नसेल, असं त्याला वाटलं. दुसरा फेरा. शेवट आला, मान खाली झुकली, आणि गोंग नाही. तिसरा फेरा. नाही.

गोंग पडल्याशिवाय मेळातला माणूस उठत नाही. तीन वर्षांपूर्वी मांडवाच्या छपराला आग लागली होती, तेव्हाही मेळ गोंग पडेपर्यंत बसून होता. फक्त लय चौपट झाली होती, एवढंच. अर्धी सोडलेली चीज कुठे जाते ते कुणी पाहिलेलं नाही, पण ती जिथे जाते तिथे सोडून जाणाऱ्यालाही नेते, असं म्हणतात. आणि वेळ कुठली, तर टळटळीत दुपार. सावल्या पायाखाली गेलेल्या. शहाणा माणूस ह्या वेळेला तिठ्यावर उभा राहत नाही आणि पोरांना झाडाखाली सोडत नाही.

दहावा फेरा. गोंग कोणीतरी धरून ठेवलाय, केतुतच्या मनात आलं. आणि कोण धरून ठेवील हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. 'रुदेग, सोड,' तो मनात म्हणाला. 'तुझी बाजू चोरत नाहीये रे. उसनी घेतोय.' विसावा फेरा. शर्ट पाठीला चिकटला. लघवी लागली. रास्नी जेवायला बोलवायला आली, तर हा डोळे मोठे करून नुसताच बघतोय, मान हलवत नाही, तोंड उघडत नाही. तिने एक हाक मारली, दुसरी मारली. मग शांतपणे आत जाऊन तीर्थाचं भांडं आणलं, त्याच्या डोक्यावर तीनदा शिंपडलं, ओले तांदूळ कपाळाला चिकटवले आणि समोर बसून सुनेची वाट बघू लागली.

पुतु आली तेव्हा दोन तास झाले होते.

"अहो बापा, बंद करायचं ना. लांब बटण दाबा."

"गोंग," केतुत ओठ न हलवता म्हणाला.

"काय?"

"गोंग पडत नाही."

तिने हेडफोनचा एक कान आपल्याकडे ओढला, पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हसू दाबून दाबून लाल झाला. "बापा, मशीन रेघेच्या अलीकडे थांबतं. आपला गोंग शेवटच्या ठोक्यावर, आणि ह्याची मोजणी पहिल्या ठोक्यापासून. तुमची शेवटची रेघ म्हणजे ह्याच्या लेखी पुढच्या फेऱ्याची पहिली. तिथे जायच्या आधीच हे मागे वळतंय." तिने पट्टी एक घर पुढे ओढली.

गोंग पडला. केतुत उठला आणि परसाकडे धावत सुटला. वायर छपरावर होती म्हणून बरं.

त्यानंतर फटी भरायचं काम. एका बोटाने, एकेक घाव. तोंडाने म्हणायचं, फट शोधायची, ठेवायचा. आवाज केतुतच्याच गांग्साचे, पुतुने कापून दिलेले. बारा दिवस लागले. बाराव्या दिवशी दोन्ही बाजू एकत्र लावल्या. एकही घाव चुकला नव्हता, आणि ऐकताना केतुतचे हातपाय गार पडले. रुदेगला अंघोळ घालून पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं तेव्हा तो असाच दिसत होता. नाक, कान, मिशी, सगळं जागच्या जागी.

"थरथर नाही," तो म्हणाला. "एकाच गांग्साने दोघांचं काम कसं होईल? त्याची गांग्सा पाहिजे."

"मग तिच्या दहा पट्ट्या घेऊ. एकेक वाजवायची, मोबाइलमध्ये घ्यायची. पण बापा, तिथे अगदी शांत पाहिजे. स्कूटर नको, कोंबडा नको, माणूस नको." ती थांबली. "अशी वेळ एकच आहे."

दोघांनाही कळलं कुठली ते. आणि त्या वेळेला पुतुची हॉटेलवाल्यांशी मीटिंग होती. बेडूक बदला म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी भर बाराला केतुत एकटा निघाला. खिशात लसूण, कमरेला कांदा, तोंडात तीन मंत्र एकातएक गुंतलेले. तिठ्यावरून डोळे मिटून गेला आणि मैलाच्या दगडाला ठेचकाळला. मांडवात कुणी नव्हतं. कोपऱ्यात मोठा गोंग टांगलेला, त्यामागे अंधार. रुदेगच्या गांग्सावर पांढरं कापड होतं. मेल्यापासून ते कुणी काढलं नव्हतं.

त्याने ते दोन बोटांनी उचललं. "रुदेग, मी आहे. दहाच घाव." मग मोबाइल सुरू केला आणि पहिली पट्टी वाजवली. वाजवल्याबरोबर त्याच्या डाव्या हाताने सवयीने ती दाबून टाकली. पुतुने बजावलं होतं, दाबायची नाही, आवाज आपणहून मरू द्यायचा. पण चाळीस वर्षांचा हात ऐकेना. शेवटी तो डाव्या हातावर बसला.

मग पट्टी वाजली ती वाजतच राहिली. एवढा वेळ रुदेगच्या गांग्साचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. आवाज छपराला लागला, खांबांमधून फिरला, बारीक झाला, संपला असं वाटून पुन्हा थोडा आला. केतुतचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, म्हणून त्याने मध्ये कापडाची घडी घातली. दुसरी. तिसरी. दहावी झाली तेव्हा त्याला वाटलं आपणही संपलो. कापड घातलं, हात जोडले, आणि घरी कसा आला ते त्याला आठवत नाही.

संध्याकाळी ऐकायला बसला. पाच पट्ट्या छान. सहावीचा आवाज विरत विरत गेला, आणि त्याच्या मागून आलं: घर्रर्र. घर्रर्र.

केतुतने हेडफोन असे ओढले की एका कानाची उशी निघून आली. त्या रात्री त्याला ताप भरला. रुदेगच्या छातीतला आवाज रुदेगच्या गांग्सातून आला होता, यात त्याला काडीची शंका नव्हती. रास्नी म्हणाली, हा खेळ पुरे, सोडून द्या, नारळ खवा, जीव तर राहील. केतुत तापात कण्हत म्हणाला, "नारळ खवल्यावर तरी कुठे राहतो?"

पुतुने मात्र तो तुकडा उचलला, त्याचा आवाज चौपट केला आणि शांतपणे ऐकत बसली. घर्रर्र चालूच होतं, चांगलं लयीत. मग ते थांबलं. मग कुणीतरी घसा साफ केला. दोनदा तुटक, तिसऱ्यांदा लांबलचक. आणि झोपेतल्या आवाजात म्हणालं, "आलो गं, सभा संपतच आली."

ती खाटेपाशी गेली आणि सासऱ्याच्या कानाला तो आवाज लावला. केतुतने डोळे उघडले. "ग्रिंदा गोंगाच्या मागे झोपतो?"

"पाटाच्या पाण्याची सभा म्हणून घरून निघतात. रोज. त्यांच्या बायकोने दोन नातवंडं आणि सहा डुकरं त्यांच्या गळ्यात बांधलीयत ना."

ताप पहाटेपर्यंत उतरला.

मुदतीला नऊ दिवस उरले असताना पुतुने मांडवात सगळ्यांपुढे मशीन ठेवलं आणि चीज लावली. दोन्ही गांग्सा, दोन्ही बाजू, थरथर. मेळातल्या माणसांनी माना खाली घातल्या. रुदेगच्या धाकट्या भावाने तोंड फिरवलं. गोंग पडला तरी कुणी हललं नाही.

ग्रिंदाने मोटरसायकल मारली. "उत्तम. पण देवापुढे हा डबा वाजवायचा? देवाला काय मालिश करून घ्यायचीय?"

"डबा कशाला, माणसं वाजवतील," पुतु म्हणाली. "बापांची बाजू मी. पंचवीस दिवस तीच कापतेय नि जोडतेय, भांडी घासताना बोटं आपणहून चालतात."

"आणि रुदेगची?"

"ती बापांनी एकेक घाव करून लिहिलीय. त्यांच्याशिवाय कुणाला येणार?"

हे केतुत पहिल्यांदाच ऐकत होता. मेलेल्या माणसाची जागा. डावीकडची, पुढची, जिथून चीज सुरू होते. तिथे बसलं की ज्याच्या मागून जायचं असा कुणी पुढे नसतो. 'नको' म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मांडवामागून खवणीचा खर्र खर्र आवाज आला. त्याने तोंड मिटलं.

"पुरुषांच्या ओळीत बाई?" ग्रिंदा म्हणाला. "हे मी म्होरक्या असेपर्यंत तरी..."

"ग्रिंदाकाका, ह्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक आवाज होता," पुतु अदबीने म्हणाली. "पाटाच्या सभेच्या दिवशी दुपारी इथेच आलेला. मी तो काढून बाजूला ठेवलाय. लावू का?"

ग्रिंदाने घसा साफ केला. एकदा तुटक, दुसऱ्यांदा तुटक, आणि तिसऱ्याला मोटरसायकल बंदच पडली. "नको," तो म्हणाला. "वाजवू दे तिला. काळ बदललाय." मेळाला ह्यातलं अक्षरही कळलं नाही. कॉफीच्या दुकानाला दुसऱ्या सकाळपर्यंत सगळं कळलं.

नऊ दिवस पुतु घरी केतुतच्या गांग्सावर वेगळी बसली, केतुत मांडवात रुदेगच्या, आणि मशीन त्याला त्याचीच बाजू वाजवून दाखवत राहिलं. हात आता आपल्या गोठ्यात जाऊ शकत नव्हता, तिथे आधीच कुणीतरी होतं. स्वतःच होता. पण मशीनच्या पुढे वाजवणं वेगळं आणि देवापुढे, गावासमोर, पहिला घाव आपण घालणं वेगळं.

वाढदिवसाच्या दिवशी पांढरे-पिवळे कपडे, डोक्याला फेटा, कानामागे फूल. पुजाऱ्याची घंटा वाजू लागली. ग्रिंदा गोंगाशी, उजवीकडे पुतु, आणि डावीकडे ज्या बाजूला चाळीस वर्षं रुदेगचा खांदा होता तिथे नुसता वारा. केतुतची हातोडी हवेत राहिली. ती खाली आणायला कुणी सांगणार नव्हतं. सगळा मेळ त्याच्या हाताकडे बघत होता, देवही खाली उतरायचा थांबला असावा.

शेवटी हात खाली आला तो धाडसाने नव्हे, तर वर धरवेना म्हणून.

आणि त्याच्या घावामागून, केसभर उशिरा, दुसरा घाव आला. त्याने पुढचा घातला. पुन्हा केसभर उशिरा. ती पुतुची चूक नव्हती. ती बाजू पंचवीस दिवस ऐकून पोरीने त्यातलं भिणंसुद्धा उचललं होतं. आपल्या मागून आपणच येतोय, जपून, आधीच्याचं ऐकून, असं केतुतला वाटलं. कुणीतरी इतक्या भीतभीत मागून येतंय म्हटल्यावर पुढच्याला थांबता येत नाही. रुदेगला चाळीस वर्षं हेच वाटत असेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि विचार करायला वेळ नव्हता, कारण मुंग्या धावू लागल्या होत्या.

शेवट आला. ग्रिंदाने दांडा उचलला. त्या एका क्षणात केतुतला ती दुपार आठवली, वीस फेरे, आणि वाटलं: नाही पडला तर?

पडला.

माणसं उठली, नैवेद्याची ताटं पुढे सरकली. केतुत बसूनच होता.

"बापा, गोंग पडला."

"ऐकला."

"मग उठा की."

"पाय गेलेत. थांब जरा." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तू सगळे घाव उशिरा घातलेस."

"तुमचेच आहेत ते. सरळ करू?"

"नको," केतुत म्हणाला. "खबरदार."

तो उठला. मांडवाच्या दाराशी लाउडस्पीकरची वायर आडवी पडली होती आणि सगळं गाव ती खुशाल ओलांडून जात होतं. केतुत तेवढा मागच्या बाजूने वळसा घालून गेला, नारळ खवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओळीसमोरून, जरा घाईघाईनेच.